सगळे प्रश्न माझ्याच टेबलावर का येतात?

प्रश्न : आमचं शिरोली एमआयडीसीत मशिन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग विकत घेतो, मशिनिंग करतो आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना देतो. नऊ सीएनसी लेथ (संगणकावर चालणारे), चार व्हीएमसी (भोकं पाडणारी, पृष्ठभाग कापणारी संगणकी मशिनं), सकाळी सात ते रात्री बारा अशा दोन पाळ्या, सगळी मिळून ४८ माणसं. धंदा वडिलांनी उभा केला. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. गेली सहा वर्षं कारभार मी पाहतो. दोन सुपरवायझर, चार सेटर (मशिनवर टूल आणि जॉब लावून देणारे), क्वालिटीवाला, प्रोग्रामर, स्टोअरकीपर, खरेदीवाला, अकाउंटचे दोघं आणि मेंटेनन्सचे दोघं, हे सगळे प्रत्येक गोष्ट मलाच विचारतात. गेल्या महिन्यात मी एका लग्नात होतो, फोन उचलता आला नाही. रात्री सव्वानऊला ड्रिल तुटलं आणि नवीन काढायला परवानगी नाही म्हणून व्हीएमसी दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत उभं राहिलं. मोठ्या कंपनीतला अनुभवी मॅनेजर आणला होता, तो पाच महिन्यांत सोडून गेला. जाताना म्हणाला, ‘इथं मला ठरवायला काहीच नाही.’ अण्णा अजून रोज शॉपवर फेरी मारतात आणि थेट ऑपरेटरला काम सांगतात. माझा सीए म्हणतो ऑर्गनायझेशन चार्ट काढा. बायको म्हणते दुसरा मॅनेजर ठेवा. काय करू?

उत्तर : दुसरा मॅनेजर तूर्त ठेवू नका. चार्टही नंतर काढा. पहिल्या मॅनेजरनं जाताना तुम्हाला दुखणं नेमकं सांगितलं होतं. त्याला पगार होता, केबिन होती, पण शंभर रुपयांचं काम तुम्हाला न विचारता करण्याची मुभा नव्हती. त्याच जागी दुसरा आणाल तर तोही जाईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे राहील आणि तुमचा निरोप्या होईल. मग सेटरचा प्रश्न सुपरवायझरमार्फत मॅनेजरकडे आणि मॅनेजरमार्फत तुमच्याकडे येईल. आज एका फोनवर मिळणारं उत्तर तेव्हा तीन फोननंतर मिळेल.

त्या ड्रिलचाच हिशेब मांडू. ड्रिल समजा ९०० रुपयांचं आणि व्हीएमसीचा तासाचा दर ४५० रुपये. रात्री सव्वानऊ ते बारा पावणेतीन तास आणि सकाळी सात ते नऊ दोन तास, म्हणजे मशिन पावणेपाच तास उभं. नऊशेच्या वस्तूवर तुमची सही वाचवायला २,१०० रुपयांहून जास्त गेले. ऑपरेटरची हजेरी आणि दुसऱ्या दिवशीची डिस्पॅचची ओढाताण त्यात धरलेलीच नाही. शिवाय ड्रिल कपाटात होतं. सेटरला ते कुठं आहे हे माहीत होतं, लावता येत होतं, गरजही कळत होती. नव्हता तो फक्त अधिकार. तुमच्या शॉपमध्ये अशा जागा किती आहेत ते आधी शोधू.

एक शंभर पानी वही घ्या आणि कामाचे दहा दिवस ती सतत जवळ ठेवा. जो कोणी काही विचारायला येईल, फोन करेल किंवा व्हॉट्सअॅपवर ‘काय करू साहेब’ लिहील, त्याची एका ओळीत नोंद करा : वेळ, कोण, कशाबद्दल, तुम्ही काय सांगितलं. पाचव्या रकान्यात त्यालाच विचारून लिहा, ‘मी नसतो तर तू काय केलं असतंस?’ हा रकाना कंटाळवाणा वाटेल, पण टाळू नका. बहुतेक वेळा त्याचं उत्तर आणि तुमचं उत्तर एकच निघेल, आणि ते तुम्ही दोघंही पहिल्यांदाच कागदावर पाहाल.

अकराव्या दिवशी वहीचे तीन वाटे करा. ज्या प्रश्नांना तुम्ही दर वेळी तेच उत्तर देता, ते पहिल्या वाट्यात. त्यांना माणूस लागत नाही, नियम लागतो. उदाहरणार्थ, गाडी उशिरा आली तर माल कुठं उतरवायचा, खाडा पडल्यावर कोणतं मशिन आधी बंद ठेवायचं, उचल किती आणि कधी द्यायची. जिथं थोडा पैसा किंवा थोडा अंदाज लागतो ते दुसऱ्या वाट्यात, आणि इथंच अधिकार खाली द्यायचा आहे. तिसऱ्या वाट्यात खरोखर तुमचेच निर्णय : नव्या पार्टचा दर, नवा ग्राहक, मशिनचं कर्ज, माणूस कायम करणं किंवा काढणं, फाउंड्री बदलणं. हा वाटा सगळ्यांत लहान निघतो, आणि मालकाला सगळ्यांत कमी वेळ मिळतो तो त्याच्यासाठीच.

आता कोण कोणाला विचारणार ते पाहू. पत्रातली नावं मोजली तर चौदा जण थेट तुमच्याकडे येतात. व्ही. ए. ग्रेक्युनास या सल्लागारानं १९३३ मध्ये एक सूत्र मांडलं होतं. एका वरिष्ठाच्या हाताखाली थेट किती माणसं आहेत त्यावरून त्याला किती प्रकारचे आपसातले संबंध सांभाळावे लागू शकतात, ते त्यातून निघतं. सहा माणसांना हा आकडा २२२ येतो. चौदांना तो १,१४,८७० होतो. प्रत्यक्षात एवढे सगळे संबंध रोज जागे नसतात, तेव्हा आकडा शब्दशः घेऊ नका. पण माणसं दुप्पट झाली की ताप दुप्पट होऊन थांबत नाही, हे तुम्ही रोज अनुभवताच आहात.

तुमच्याकडे थेट सहाच जण ठेवा : पहिल्या पाळीचा सुपरवायझर, दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर, क्वालिटीवाला, तांत्रिक बाजू पाहणारा एक, खरेदीवाला आणि अकाउंटचा मुख्य. चार सेटर दोन-दोन करून सुपरवायझरांकडे जातील. प्रोग्रामर, मेंटेनन्सचे दोघं आणि टूल-फिक्श्चर (मशिनवर जॉब घट्ट धरणारी पकड) तांत्रिक माणसाकडे. स्टोअरकीपर खरेदीवाल्याकडे मुळीच नको, तो अकाउंटकडे. कारण पुढं सांगतो. एकालाही नव्यानं नोकरीवर घ्यावं लागत नाही, हे लक्षात घ्या.

तांत्रिक जागेसाठी तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा अण्णांच्या वेळचे जुने मेस्त्री असतील. बसवा त्यांना तिथं. पण ज्येष्ठ आहेत म्हणून त्यांना पाळीचा सुपरवायझर करू नका. फिक्श्चरमध्ये जॉब का हलतोय हे आवाजावरून ओळखणारा माणूस रजेचे अर्ज आणि मशिन लोडिंग (कोणत्या मशिनवर कोणता जॉब) सांभाळण्यात तितकाच तरबेज असेल असं नाही. तसं केलं की एक उत्तम कारागीर जातो आणि एक वैतागलेला सुपरवायझर हाती येतो. त्यांचा पगार सुपरवायझरपेक्षा जास्त ठेवायला हरकत नाही. हाताखाली माणसं किती यावरच पगार ठरतो, हा समज आपल्याकडे फार पक्का बसलाय, आणि त्यानं चांगली कारागिरी वाया जाते.

क्वालिटीवाला कोणत्याही परिस्थितीत सुपरवायझरच्या हाताखाली नको. महिनाअखेरीला डिस्पॅचचा आकडा गाठायचा असतो, बोअर (भोकाचा व्यास) दहा मायक्रॉननं वर गेलेला असतो, आणि ‘चालतंय रे, जाऊ दे’ म्हणणारा माणूस त्याची रजा मंजूर करणारा असेल तर लॉट जातोच. तुमचे ग्राहक गाड्यांच्या साखळीतले आहेत, म्हणजे आयएटीएफ १६९४९ हे गाडी उद्योगाच्या दर्जाच्या मानकाचं नाव तुम्हाला नवीन नाही. दर्जाला जबाबदार असलेल्या माणसाला उत्पादन आणि डिस्पॅच थांबवण्याचा अधिकार हवा आणि प्रत्येक पाळीत असा माणूस नेमलेला हवा, हे त्या मानकातच आहे. तुमचा क्वालिटीवाला एकच आहे आणि पाळ्या दोन. दुसऱ्या पाळीतल्या एका इन्स्पेक्टरला लेखी नेमून हा अधिकार द्या.

आता मुख्य काम. ‘जबाबदारीनं निर्णय घेत जा’ असं सांगून कोणी निर्णय घेत नाही. चुकलं तर काय होईल हे माणसाला कळत नाही, मग तो विचारतो, कारण विचारणं सुरक्षित असतं. म्हणून अधिकार रुपयांत, मिनिटांत आणि नगांत लिहून द्यायचा. प्रत्येकाला एक चिठ्ठी, पोस्टकार्डापेक्षा मोठी नको, मराठीत, आणि ऑपरेटर परप्रांतीय असतील तर हिंदीतही.

ऑपरेटरच्या चिठ्ठीवर थांबवण्याचा अधिकार लिहा. लागोपाठ दोन नग मापाबाहेर गेले, वेगळा आवाज आला, कूलंट बंद पडलं किंवा गार्ड उघडा राहिला, तर मशिन बंद करायचं आणि सेटरला हाक मारायची. त्यासाठी कोणाला विचारायचं नाही आणि त्याबद्दल कोणी रागवायचं नाही. टोयोटाच्या कारखान्यांत लाइनवरचा कामगार दोरी ओढतो तेव्हा आधी टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या खुणेपर्यंत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. त्यातली घेण्यासारखी गोष्ट अशी की थांबवायला सगळ्यांत खालच्या माणसाची परवानगी पुरते, पुन्हा सुरू करायला मात्र वरचा लागतो. तुमच्याकडे आज नेमकं उलटं असणार : सुरू कोणीही करतो, थांबवायला मालक लागतो.

सेटरनं नेहमीच्या यादीतलं कोणतंही टूल, इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार) किंवा ड्रिल सही न घेता काढावं, फक्त रजिस्टरमध्ये मशिन नंबर आणि जॉब लिहावा. दुसऱ्या पाळीसाठी एक वेगळं छोटं कपाट करा, किल्ली सुपरवायझरकडे. त्यात दर जातीचे दोन-दोन नग, स्टोअरकीपरनं रोज संध्याकाळी भरून ठेवायचे. एक अट घाला : एकाच पाळीत एकाच मशिनवर तेच टूल तिसऱ्यांदा तुटलं तर चौथं लावायचं नाही. तीन वेळा तुटलं म्हणजे दोष टूलमध्ये नाही. कास्टिंग कडक आलंय, फिक्श्चर ढिलं आहे किंवा ऑफसेट (मशिनला दिलेलं टूलचं माप) चुकलाय. तिथं थांबून मेस्त्रींना बोलवायचं. अट नसली तर सेटर अधिकार वापरून कपाट रिकामं करेल आणि तुम्ही वैतागून सगळा अधिकार परत घ्याल. अधिकार दिल्यावर तो मोडतो तो बहुधा अशा जागी, म्हणून ही अट पहिल्या दिवसापासून ठेवा.

सुपरवायझरला पैशाची मर्यादा द्या. किती, ते अंदाजानं ठरवू नका. एक मशिन एक पाळी बंद पडलं तर किती जातं ते बघा : ४५० गुणिले आठ, म्हणजे ३,६००. तेव्हा एका प्रसंगाला ३,५०० रुपये आणि आठवड्याला १०,०००. आठवड्याची मर्यादा नसेल तर मोठं बिल तुकडे करून आणलं जातं. या पैशातून बाहेरचा इलेक्ट्रिशियन, तातडीचा बेल्ट, एखादी रिक्षा, जे लागेल ते. मशिन लोडिंगमध्ये अदलाबदल, पाळीतला ओव्हरटाइम आणि तीन दिवसांपर्यंतची रजा त्यानंच ठरवायची. ओव्हरटाइमला माणूस-तासांची आठवड्याची मर्यादा लावा. तो दुप्पट दरानं द्यावा लागतो, आणि हात सैल सुटला की दिवसाचं काम संध्याकाळवर ढकललं जातं. दोन सुपरवायझरांमध्ये मशिनवरून वाद झाला तर निवाडा तुमचा नाही, डिस्पॅचच्या फळ्यावरची तारीख जवळची असेल तो जॉब आधी. एवढा एक नियम बहुतेक भांडणं मिटवतो.

क्वालिटीवाल्यानं कोणताही लॉट होल्ड करावा. होल्डचा लाल टॅग त्याच्याशिवाय कोणी काढायचा नाही. तुम्हीही नाही. ग्राहकाकडून लेखी डेव्हिएशन, म्हणजे मापाबाहेरचा माल चालेल अशी परवानगी, मिळालं तरच तो लॉट जाईल, आणि टॅगवर त्या मेलची तारीख लिहायची. हा नियम पहिल्यांदा तुमच्याच गळ्याशी येईल, हे आधीच सांगतो. त्या दिवशी तुम्ही टॅग काढलात तर बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्यांचा कागद होतो.

खरेदीवाल्याला मंजूर दराच्या यादीतल्या वस्तूंसाठी एका बिलाला २५,००० पर्यंत मोकळीक. दर बदलला, पुरवठादार नवीन असला किंवा आगाऊ रक्कम मागितली तर तुमच्याकडे.

आता स्टोअरकीपर वेगळा का, ते. मागवणारा, मोजून घेणारा आणि पैसे देणारा असे तीन हात वेगळे हवेत. शिवकाळात किल्ल्याचा कारभार एका हाती दिलेला नव्हता. हवालदार, सबनीस आणि सरनोबत यांची कामं वेगळी होती : किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, शिबंदी तिसऱ्याकडे. त्यामुळं एक माणूस फितला तरी किल्ला जात नसे. तुमच्याकडं कास्टिंगचा ट्रक येतो तेव्हा खरेदीवाल्यानं दिलेला पीओ (खरेदीची ऑर्डर), स्टोअरकीपरनं वजन करून आणि नग मोजून केलेलं इनवर्ड (आवक नोंद) आणि पुरवठादाराचं बिल हे तिन्ही कागद अकाउंटमध्ये एकत्र टाचले गेले पाहिजेत. तिन्ही जुळले तर पेमेंट, नाही जुळले तर बाजूला. इनवर्ड करणाऱ्याच्या हातात पीओवरचा नगांचा आकडा देऊ नका. दिला तर तो न मोजता तोच आकडा उतरवतो, आणि यात चोरीची भावना असतेच असं नाही, कंटाळा पुरतो.

भंगाराकडे मात्र बारकाईनं बघा. बोरिंग आणि चिप (मशिनिंगमध्ये निघालेला धातूचा चुरा) विकली जाते तेव्हा गाडीचं रिकामं आणि भरलेलं अशी दोन्ही वजनं बाहेरच्या काट्यावर, पावतीवर स्टोअरकीपर आणि अकाउंट अशा दोन सह्या, आणि पैसे फक्त बँकेत. रोखीनं भंगार विकण्याची पद्धत असेल तर ती या आठवड्यात बंद करा.

बँकेतही तेच. अकाउंटच्या माणसानं पेमेंट तयार करायचं, मंजुरी तुमची. वेळ वाचतो म्हणून तुमचा पासवर्ड किंवा ओटीपी त्याच्याकडे देऊन ठेवला असेल तर आज बदला. पेमेंटचे दोन दिवस ठरवा, समजा दर महिन्याची ७ आणि २२ तारीख, आणि पुरवठादारांना कळवा. ‘माझं बिल कधी’ हे फोन निम्म्याहून जास्त आपोआप थांबतील. सूक्ष्म आणि लघु उद्योगांत नोंद असलेल्या पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, हे लक्षात घेऊन तारखा लावा.

काही गोष्टी कोणाला देता येत नाहीत. कारखान्याचा ऑक्युपायर, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेला माणूस, म्हणून कायदा ज्याला ओळखतो, तो कंपनी असेल तर संचालकांपैकीच एक असतो. सुपरवायझरच्या चिठ्ठीत सुरक्षिततेची जबाबदारी लिहिली म्हणून ती तुमच्या अंगावरून उतरत नाही. ‘उद्यापासून येऊ नको’ हे वाक्य तुमच्या शॉपमध्ये कोणालाही उच्चारायची मुभा नको. सुपरवायझरला एवढाच अधिकार द्या की दारू पिऊन आलेल्याला किंवा धोकादायक वागणाऱ्याला त्या पाळीपुरतं मशिनवरून बाजूला करून सुरक्षितपणे घरी पोचवायचं आणि लेखी नोंद तुमच्याकडे पाठवायची. पुढची कारवाई नोटीस आणि चौकशीच्या रीतीनंच. डिबरिंगला (नगांच्या धारदार कडा साफ करायला) बायका असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीचा निवाडा तुम्ही किंवा अण्णांनी बोलावून घेऊन करायचा नसतो. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी त्यासाठी अंतर्गत समिती असावी लागते, अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला कर्मचारी आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नसेल तर बाकी सगळं थांबवून आधी ती करा.

अधिकारासोबत दोन गोष्टी द्याव्या लागतात, नाहीतर चिठ्ठ्या भिंतीवरच राहतात. पहिली माहिती. समजा एका हबचं कास्टिंग ४२० रुपयांना येतं आणि दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत त्यावर ८० रुपयांचं काम झालेलं असतं. ऑपरेटरला हे माहीत नसेल तर त्याच्या लेखी तो एक नग असतो. मशिनवर कार्ड लावा : ‘इथं नग गेला तर ५०० रुपये गेले.’ सुपरवायझरला मशिनचा तासाचा दर सांगा. तो सांगायला मालकांना भीती वाटते की माणसं पगार वाढवून मागतील. मागू देत. ज्याला वस्तूची किंमत माहीत नाही त्याच्याकडून शहाणा निर्णय कसा मागायचा? दुसरी गोष्ट पैसा. दोन्ही सुपरवायझरांना आणि नेमलेल्या इन्स्पेक्टरला पगारात वाढ द्या, चिठ्ठी हातात देतानाच. नुसती जबाबदारी वाढली तर ती शिक्षा वाटते.

सुरुवात दुसऱ्या पाळीपासून करा. तिथं तुम्ही नसताच, त्यामुळं गरज खरी आहे आणि मध्ये तोंड घालायचा मोहही कमी. तीन आठवड्यांनी पहिली पाळी घ्या. पाळी बदलताना साडेतीन वाजता दोन्ही सुपरवायझर फळ्याजवळ उभे राहून दहा मिनिटं बोलतील : किती नग, किती रिजेक्ट, कोणतं मशिन किती मिनिटं उभं राहिलं, उद्या काय जायचं आहे. तुम्ही मागं उभे राहा, बोलू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त माहिती जाईल, परवानगी मागायची नाही आणि द्यायची नाही असं जाहीर करा. ‘ग्रुपवर टाकलं होतं’ म्हणजे कोणीच ठरवलं नाही.

पहिले दोन आठवडे फोन येतच राहतील. सेटर विचारेल, ‘साहेब, दुसरं ड्रिल काढू का?’ उत्तर द्यायला जीभ वळवळेल, कारण उत्तर तुम्हाला येतं आणि दोन सेकंदांचं काम असतं. ते देऊ नका. ‘तुझ्या चिठ्ठीत काय लिहिलंय?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. पलीकडे शांतता पसरेल, ती सहन करा. तो म्हणेल, ‘काढता येतं.’ मग ‘बरं’ म्हणून फोन ठेवा. ही गोष्ट प्रत्येक माणसाबरोबर पाच-सहा वेळा करावी लागते. रात्री-अपरात्री थेट तुम्हालाच फोन करायची कारणं वेगळी लिहून लावा : अपघात, आग, ग्राहकाची लाइन थांबणं, सरकारी अधिकारी दारात येणं.

आणि एक दिवस चूक होईल. सुपरवायझर चुकीचा जॉब आधी लावेल, सेटिंगमध्ये तीन तास जातील, आणि सगळं शॉप तुमच्याकडे बघत असेल. त्या क्षणी तुम्ही लोकांदेखत निर्णय फिरवलात तर पुढची दोन वर्षं कोणी काही ठरवणार नाही. माणसाला इजा, ग्राहकाकडे खराब माल जाणं किंवा कायदा मोडणं, या तीनच कारणांसाठी निर्णय तिथल्या तिथं थांबवा. बाकी सगळं होऊ द्या. संध्याकाळी त्याला एकट्याला बसवून विचारा : तेव्हा तुला काय माहीत होतं, काय गृहीत धरलं होतंस, पुन्हा तसंच झालं तर काय करशील. दोष नियमात निघाला तर सोमवारपासून नियम बदला आणि चिठ्ठी नवी छापा.

अण्णांचा विषय शेवटी घेतला, कारण तो सगळ्यांत नाजूक आहे, आणि तो सोडवला नाही तर वरचं सगळं वाया जाईल. ऑपरेटरला दोन मालक असले की त्याला जे सोयीचं तो त्याच मालकाचं ऐकतो. हा त्याचा दोष नाही. जुनी माणसं अण्णांकडेच जाणार, त्यांनी त्यांना काम शिकवलंय. अण्णांना फेरी बंद करायला सांगू नका. त्यांनी शॉपवर कोणालाही काहीही विचारावं. सांगायचं असेल ते मात्र सुपरवायझरला सांगावं, ऑपरेटरला नाही, एवढीच विनंती करा. ती कारखान्यात करू नका. घरी, जेवणं झाल्यावर, तुम्ही दोघंच असताना बोला, आणि बोलताना वही पुढ्यात ठेवा. ‘अण्णा, दहा दिवसांत एवढे प्रश्न आले, यातले एवढे मी नसतो तरी सुटले असते. माझं चुकतंय कुठं ते तुम्ही बघा.’ सुरुवात तुमच्या स्वतःच्या सवयीपासून झाली की त्यांना ते आपल्यावरचं बोट वाटणार नाही.

त्यांना खरं काम द्या, मानाचं पद नको. फाउंड्रीवाल्यांशी बोलणी, नव्या पार्टच्या ड्रॉइंगवरून कास्टिंगमध्ये कुठं अडचण येईल ते आधी ओळखणं, शनिवारी सेटरांना दोन तास शिकवणं. या तिन्ही ठिकाणी त्यांचा निर्णय अंतिम, तुम्हीही तो फिरवायचा नाही. आणि जुना माणूस अण्णांकडे रजा मागायला गेला तर अण्णांनी ‘सुपरवायझरला विचारलंस का?’ एवढं म्हणावं. ते स्वतः म्हणाले की आठवड्याभरात शॉपवर सगळ्यांना कळेल.

खरेदीवाल्याला क्वालिटीबद्दल काही विचारायचं असेल तर त्यानं तुमच्यामार्फत जायचं का? नाही. हेन्री फेयॉल या फ्रेंच खाण अभियंत्यानं १९१६ मध्येच लिहून ठेवलंय की दोन खात्यांतल्या माणसांनी आपसांत थेट बोलून मार्ग काढावा, वरिष्ठांना फक्त कळवावं. तुमच्या सहाही जणांना हे पहिल्याच बैठकीत सांगा.

तीन महिन्यांनी तीच वही पुन्हा दहा दिवस ठेवा. एकूण आकड्यावर खूश होऊ नका, नावं बघा. एकाच माणसाच्या ओळी जास्त असतील तर त्याची मर्यादा कमी पडतेय की तो घाबरतोय हे त्याच्याशी बोलून शोधा. सगळ्यांच्याच ओळी एका विषयावर असतील, समजा रिवर्कवर, तर तिथं नियमच लिहिलेला नाही. नवा मॅनेजर हवा की नको हे तेव्हा ठरवा. हवा असेल तर त्याला मुलाखतीतच त्याची चिठ्ठी दाखवा, रुपयांच्या आकड्यासह.